राधानगरी तलाव परिसरातील पायवाटांचा नकाशा : प्रकल्पाच्या नोंदी

६ एप्रिल

राधानगरी धरणाचा लक्ष्मी तलाव, त्याच्या दोन्ही अंगांचे डोंगर आणि दाजीपूरपर्यंतचा पट्टा यांतील चालण्याजोग्या वाटांचा छापील नकाशा तयार करण्याच्या कामाला आज प्रारंभ केला. कोल्हापूरहून जेमतेम ५० किलोमीटरवरचा हा भाग असल्यामुळे रंकाळा स्टँडवरून सकाळची एस.टी. पकडून दिवसभर फिरून परतणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या हाती असलेली माहिती मात्र कोणीतरी पाठवलेल्या छायाचित्रापुरती आणि ‘गाडी लावली की पंधरा मिनिटांत’ एवढ्या वाक्यापुरती असते. नकाशा कागदावर छापण्याचे ठरवले आहे, कारण धरण मागे पडले की मोबाइलची रेंज ठिकठिकाणी सुटते आणि नेमक्या गरजेच्या वेळी बॅटरी दगा देते.

आधाराला भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा घेतला आहे. त्यावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर, आणि दोन समोच्च रेषांमध्ये २० मीटर उंचीचे अंतर असते. डोंगराची सोंड कुठे उतरते आणि ओढा कुठून फुटतो हे त्यावरून नीट समजते. परंतु पन्नास मीटरांत दोनदा वळणारी पायवाट त्या प्रमाणात एका मिलिमीटरमध्ये मावत असल्याने वाटांसाठी प्रत्यक्ष चालण्याला पर्याय नाही. सोबत गाव नकाशेही मिळवले आहेत. त्यांत एकेरी तुटक रेषेने पायमार्ग आणि दुहेरी तुटक रेषेने गाडीमार्ग दाखवलेला असतो, त्यामुळे कोणती वाट वहिवाटीची आहे आणि कोणती एखाद्याच्या मालकीच्या शेतातून केवळ त्याच्या चांगुलपणावर चालू आहे, हे प्रथमच ठरवता येईल. प्रत्येक वाटेबाबत ती कोणाची आहे, कोणत्या महिन्यांत चालण्याजोगी आहे आणि पाणी तिला कुठे आडवे जाते, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय ती नकाशावर घ्यायची नाही, असे सर्वांच्या संमतीने ठरले.

१९ एप्रिल

वन्यजीव विभागाची परवानगी हातात आल्यावर दाजीपूरच्या बाजूने काम सुरू केले. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे अभयारण्यात प्रवेशासाठी परवाना लागतो. येथील जंगल १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य म्हणून घोषित झाले, १९८५ साली त्याची हद्द वाढून क्षेत्र ३५१.१६ चौरस किलोमीटर झाले आणि २०१२ साली पश्चिम घाटातील जी स्थळे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली त्यांत राधानगरीचाही समावेश झाला. हा तपशील नकाशाच्या मागील बाजूस छापायचा आहे, कारण अभयारण्याची हद्द कोठून सुरू होते हे न कळल्यामुळे अनेक जण भाबडेपणाने आत शिरतात. (काही जण भाबडेपणाचे सोंग घेऊन शिरतात, त्यांच्यासाठी नकाशा छापून उपयोग नाही.)

अंजनी फुलली आहे. खोडालाच चिकटून आलेल्या निळ्याजांभळ्या फुलांमुळे वाटेच्या कडेची झाडे दुरूनही ओळखू येतात. दाट झाडोऱ्याखाली मात्र जीपीएसची नोंद भरवशाची राहत नाही, कारण उपग्रहाचा संकेत पानांवरून आणि कातळावरून परावर्तित होऊन फोनपर्यंत उशिरा पोहोचतो आणि फोन आपली जागा भलतीकडेच दाखवतो. दोघांनी दोन फोन घेऊन एकाच वाटेने चालून पाहिले, तेव्हा झाडीत दोन्ही रेषा एकमेकींपासून फटकून गेल्या आणि उघड्या सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळावर, येताच पुन्हा एक झाल्या. त्यामुळे झाडीतील प्रत्येक वाट जाताना आणि येताना अशी दोन्ही वेळा नोंदवायची, आणि फाट्यांच्या जागी थांबून काही मिनिटे फोन स्थिर ठेवायचा, अशी पद्धत ठरवली.

४ मे

किनारवाट हे या प्रकल्पातले सर्वांत अवघड प्रकरण ठरणार, याची कल्पना आज आली. नकाशावर तलावाची निळी कड एकच असते, पण धरणाचे पाणी वर्षभर एका पातळीवर राहत नाही. येथून सोडलेले पाणी भोगावतीतून पुढे पंचगंगेला मिळते आणि वाटेतील कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांमध्ये अडवून उसाला दिले जाते, त्यामुळे उन्हाळा चढेल तसा तलाव आत आत सरकत जातो. आज आम्ही ज्या पट्ट्यातून चाललो तो ऑगस्टमध्ये पुरुषभर पाण्याखाली असेल.

राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हे धरण उभारण्याचे काम हाती घेतले, परंतु ते त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही, स्वातंत्र्यानंतर पूर्ण झाले. पाणी साठल्यावर नदीकाठच्या जुन्या वाटा बुडाल्या आणि उन्हाळ्यात त्यांतील काही अजून वर येतात. ओलवण गावाच्या बाजूला अशीच एक वाट आज उघडी पडलेली दिसली. दोन्ही कडांना लावलेले दगड अजून ओळीत आहेत, मधली माती मात्र वाहून गेली आहे, आणि डोंगरावरून येणारी वाट सरळ तिच्यात मिसळते, जणू मध्ये पाणी आलेच नव्हते. उन्हाळ्यात अशा वाटेवर चालणारा माणूस ती बारमाही आहे असे समजतो, यात नवल नाही.

गाळाचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. पाणी ओसरल्यावर वरचा थर उन्हाने तडकतो, त्याची चौकोनी ढेपळे सुटतात आणि जमीन टणक झाल्यासारखी दिसते. काठी टेकवून पाहिली तर वीतभर खाली काळा, लोण्यासारखा चिखल लागतो. तलावातील शाहूकालीन बेनझीर व्हिलाचे अवशेष पाणी उतरल्यावर उघडे पडतात आणि तेथपर्यंत सरळ रेषेत जाण्याचा मोह अनेकांना होतो. ज्या भागात गुरांच्या खुरांचे ताजे ठसे आहेत आणि ते फार खोल गेलेले नाहीत, तेवढ्याच भागातून चालणे शहाणपणाचे, असे सोबतच्या ओलवणच्या मुलांनी सांगितले आणि त्यांनी स्वतः तोच नियम पाळला.

निर्णय असा की किनारवाट नकाशावर घ्यायची, मात्र ती तुटक रेषेने, ‘मार्च ते मे’ अशा शब्दांसह आणि पूर्ण भरलेल्या तलावाच्या कडेच्या संदर्भाने दाखवायची. बेनझीरकडे जाणारी रेषा दाखवायची नाही.

१८ मे

तलावाच्या दक्षिणेकडील डोंगरावरच्या धनगरवाड्यावर दुपार गेली. येथील लोकांनी म्हशी राखत पिढ्यान्‌पिढ्या याच माथ्यांवर काढल्या असल्यामुळे वाटांविषयी त्यांच्याइतकी माहिती कोणत्याही कागदात सापडणार नाही. वाड्यामागून खिंडीकडे जाणारी एक सुरेख, सावलीची वाट आम्ही नोंदवून आणली होती आणि ती नकाशावर ठळक दाखवायचा विचार होता. ती वाट दाखवताच वाड्यातील आजोबांनी हात आडवा केला आणि म्हणाले, “पावणं, ती म्हसरांची वाट हाय. सांच्याला जनावरं त्याच वाटनं खाली येत्यात. तुमची मानसं आली, दंगा केला की म्हसरं बुजत्यात, मग आमी रातभर हुडकत बसायचं.” त्यावर आमच्यापैकी एकाने, संध्याकाळी कोणी जाणार नाही असे लिहू, असे सुचवले. “लिवलेलं कोन वाचतंय?” एवढेच आजोबांचे उत्तर आले, आणि मोठ्या ट्रेकच्या दिवशी काय घडते हे ज्याने पाहिले आहे त्याला ते खोडता येणार नाही.

ही वाट वगळली. तिच्याऐवजी वाड्याला वळसा घालून सोंडेवरून जाणारी उन्हाची, थोडी लांब पडणारी वाट आजोबांनीच सुचवली आणि नातवाला सोबत देऊन ती दाखवलीही. वाटेत करवंदाच्या जाळ्या लगडलेल्या होत्या, त्यामुळे मोजणीचा वेग बराच मंदावला.

८ जून

पावसाने जोर धरला आहे. पावसाळ्यात दाजीपूरचे प्रवेशद्वार पर्यटकांसाठी बंद राहते, त्यामुळे अभयारण्याच्या आतील वाटांचे काम थांबवून बाहेरील वाटांवर पाणी कसे वाहते याच्या निरीक्षणाला लागलो. कोल्हापूर शहरात वर्षभरात साधारण १,००० मिलिमीटर पाऊस पडतो. घाटमाथ्याला तो याच्या कैक पटींनी कोसळतो, आणि वाटेचा टिकाऊपणा जोखायचा तर तो याच दिवसांत.

जी वाट उतारावरून सरळ खाली येते ती पहिल्या मोठ्या सरीतच ओहोळ होते. पाणी तिला धरून धावते, माती नेते, दगड उघडे पाडते, आणि चालणारे लोक निसरड्या मधल्या भागाला टाळण्यासाठी कडेने चालू लागतात, त्यामुळे वाट दरवर्षी रुंदावत जाते. वाटा बांधणाऱ्यांमध्ये एक ठोकताळा प्रचलित आहे की वाटेचा चढ हा डोंगराच्या उताराच्या निम्म्यापेक्षा अधिक नसावा, कारण तेवढ्यात पाणी वाटेवरून न धावता तिला ओलांडून खाली निघून जाते. डोंगराला आडव्या जाणाऱ्या जुन्या गुरवाटा हा ठोकताळा बहुतेक ठिकाणी आपसूक पाळतात. अलीकडे दुचाकी चढवण्यासाठी पाडलेल्या वाटा तो हमखास मोडतात. दोन ठिकाणी गावातील मुलांसोबत वाटेवर तिरके दगड बसवून पाणी बाजूला काढून दिले. दगड वाटेला काटकोनात न बसवता तिरके बसवावे लागतात, अन्यथा त्यांच्यामागे गाळ साचतो आणि पाणी पुन्हा वरून उडी मारते.

६ जुलै

राऊतवाडी धबधबा. रविवार टाळण्याची इच्छा असूनही मुद्दाम रविवारीच गेलो, कारण येथे नकाशापेक्षा गर्दीचा अभ्यास करणे अधिक आवश्यक होते.

धबधब्यापर्यंतच्या वाटेविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. ती सर्वांना माहीत आहे. लिहिण्यासारखे आहे ते धबधब्याच्या माथ्याविषयी. बाजूच्या झाडीतून एक अस्पष्ट वाट वर चढते आणि पाणी जेथून झेप घेते त्या कातळापर्यंत पोहोचते. खालून वर पाहणाऱ्याला तेथे उभी असलेली माणसे दिसतात, आणि मग आणखी माणसे वर जातात. कातळ बेसॉल्टचा आहे आणि पाण्याच्या कडेला त्यावर हिरवट काळे शेवाळ धरले आहे. बुटाचा तळवा त्यावर टेकवून थोडा भार देऊन पाहिला, तेव्हा पाय कोणताही आवाज न करता चार बोटे पुढे सरकला. शेवाळावर रबरी तळव्याची पकड राहतच नाही, आणि तेथून पुढे धरण्यासाठी एकही झाड नाही.

त्याहून मोठा धोका असा की माथ्यावर उभे राहून ओढ्याचा वरचा भाग दिसत नाही. येथे ऊन असताना वरच्या डोंगरात ढग फुटल्यासारखा पाऊस पडतो आणि ते पाणी काही वेळाने खाली येते. पाणी वाढण्यापूर्वी काही खुणा दिसतात : स्वच्छ पाणी चहासारखे गढूळ होऊ लागते, पालापाचोळा आणि काटक्या वाहून येऊ लागतात, आणि धबधब्याच्या आवाजात एक जाड, खालचा सूर मिसळतो. या खुणा दिसल्या की त्याच क्षणी पात्रातून बाहेर पडून उंच कडेला यायचे. चप्पल, पिशवी, डबा यांच्यासाठी परत वळायचे नाही. गुडघाभर वेगवान पाण्यातही प्रौढ माणसाला उभे राहणे अवघड होते, मग लहान मुलांविषयी बोलायलाच नको.

माथ्याची वाट नकाशावर घेणार नाही. या निर्णयावर आमच्यात वाद झाला. एका सहकाऱ्याचे म्हणणे असे की वाट अस्तित्वात आहे, लोक जातातच, तेव्हा ती दाखवून सोबत धोक्याची खूण देणे अधिक प्रामाणिक ठरेल. हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. तथापि नकाशावर छापलेली रेषा ही लोकांच्या दृष्टीने परवानगीच असते आणि लाल त्रिकोण कोणी पाहत नाही, हे दिवसभर तेथे उभे राहून आम्ही पाहिले होते. सूचनेचा फलक लोकांच्या नजरेसमोर किती वेळ राहतो तेही पाहिले. वाटेच्या तोंडाशी असलेल्या फलकासमोरून माणसे चालता चालता निघून जातात, पण कांदाभजी आणि मक्याच्या कणसांच्या टपऱ्यांसमोर प्रत्येक जण निदान दहा मिनिटे थांबतो. पाणी वाढण्याच्या खुणा सांगणारा फलक टपऱ्यांशेजारी लावावा असे आम्ही गावातील मंडळींना सुचवले आणि टपरीवाल्या मावशींनी त्यासाठी आपल्या ताडपत्रीच्या खांबाची जागा तत्काळ देऊ केली.

२४ जुलै

कोल्हापूरजवळ पंचगंगेवर असलेल्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकत आहे आणि धोक्याच्या ४३ फुटांची चर्चा शहरात सुरू झाली आहे. खालचे बंधारे पाण्याखाली गेल्याने मोजणी पुढे ढकलली. घरी बसून आतापर्यंतच्या नोंदी एका नकाशावर बसवल्या आणि फाट्यांची नावे गावकऱ्यांनी सांगितली तशीच ठेवली.

१७ ऑगस्ट

पाऊस ओसरल्यावर पुन्हा राधानगरीत. तलाव काठोकाठ आहे. मे महिन्यातील किनारवाटेचा मागमूसही उरलेला नाही. ८.३६ टी.एम.सी. क्षमतेचे हे धरण भरले की त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की आपोआप मिटतात. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी बाहेर पडते. कोल्हापूरकरांना या दरवाजांचे कौतुक आहे आणि ते योग्यही आहे, परंतु नकाशा करणाऱ्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की धरणाखालील नदीपात्रात पाणी घड्याळ पाहून येत नाही. फेजिवड्याच्या खालच्या अंगाला उन्हाळ्यात पात्र ओलांडणारी एक जवळची वाट आहे. ती पावसाळी नकाशावर असणार नाही.

वेळेच्या अंदाजाचे कामही आज केले. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ याने १८९२ साली मांडलेला नियम अजूनही सर्वत्र वापरला जातो. ताशी साधारण ५ किलोमीटर धरायचे आणि दर ६०० मीटर चढासाठी एक तास वाढवायचा. उघड्या सड्यावर, कोरड्या दिवसांत हा हिशेब आमच्या अनुभवाशी जुळतो. चिखलात, दाट झाडीत आणि कच्च्याबच्च्यांसह चालताना वेग निम्म्यावर येतो, शिवाय जळवा काढण्याचा वेळ नेस्मिथने धरलेलाच नाही. (तंबाखूचे पाणी मोज्यांवर शिंपडण्याचा स्थानिक उपाय बऱ्यापैकी लागू पडतो, त्याचा वास मात्र परतीच्या एस.टी.त सर्वांना सहन करावा लागतो.) म्हणून प्रत्येक वाटेवर अंतराऐवजी वेळ छापायची, तीही कोरड्या आणि पावसाळी दिवसांची वेगवेगळी, असे ठरवले.

५ ऑक्टोबर

जांभ्या दगडाच्या सड्यावर सोनकी, तेरडा आणि सीतेची आसवे फुलली आहेत. सड्यावरची माती काही ठिकाणी जेमतेम बोटभर जाड आहे आणि सीतेची आसवे ही नाजूक कीटकभक्षी वनस्पती ओल्या, सत्त्वहीन मातीत तगून राहते, त्यामुळे घोळक्याने मधून चालल्यास तो पट्टा पुढच्या वर्षी उघडा राहतो. आमच्या मूळ नोंदीतील रेषा सड्याच्या मधोमध जात होती, कारण तीच सर्वांत जवळची होती. ती बदलून सड्याच्या कडेने, उघड्या कातळावरून आखली. दहा मिनिटांचा वळसा पडतो, पण त्या कडेवरून तलावाचा पूर्ण विस्तार दिसत असल्याने कोणी तक्रार करणार नाही.

९ नोव्हेंबर

अभयारण्याचे दार पर्यटकांसाठी पुन्हा खुले झाले असून शिवगडाकडील वाटेची तपासणी पूर्ण केली. कडेवर आल्यावर एकदम कोकण उघडते, आणि म्हणूनच लोक कड्याच्या अगदी टोकाशी जातात. थांबण्याची जागा कातळाच्या बरीच अलीकडे नोंदवली आहे.

परतताना वाटेपासून काही अंतरावर गव्यांचा कळप चरताना दिसला. सोबतच्या वनरक्षकांनी सर्वांना जागीच थांबवले आणि वाऱ्याची दिशा पाहून हळूहळू मागे घेतले. पूर्ण वाढलेला नर टनभर वजनाचा असू शकतो. एरवी तो माणसाला टाळतो, मात्र पिल्लू आणि मादी यांच्या मध्ये कोणी आले किंवा त्याची वाट अडली तर त्याचा वेग आश्चर्यकारक असतो. एका नराने मान उचलून आमच्याकडे बराच वेळ पाहिले, नाकपुड्या फुलवल्या, आणि पुन्हा गवतात तोंड घातले. त्याचे पाय गुडघ्यापासून खाली पांढरे होते, नवे मोजे घातल्यासारखे. अभयारण्यातील वाटांवर स्थानिक वाटाड्या बंधनकारक आहे ही ओळ नकाशावर ठळक अक्षरांत घेतली आहे.

२३ नोव्हेंबर

छपाईसाठी दोन स्वतंत्र पत्रके तयार झाली. पावसाळी पत्रकावर अभयारण्याबाहेरच्या, मोठा ओढा ओलांडावा न लागणाऱ्या वाटाच आहेत, त्यामुळे ते थोडे रिकामे दिसते. मुद्रकाने उरलेल्या जागेत धबधब्याचे मोठे छायाचित्र घालण्याचे सुचवले. तेथे पाणी वाढण्याच्या खुणा मोठ्या टाइपात घेतल्या. कोरड्या हंगामाच्या पत्रकावर किनारवाट तुटक रेषेने आहे. झाडांवर रंगाचे बाण काढायचे नाहीत, फाट्यांवर दगडांवरच लहान खुणा करायच्या, यालाही वनविभागाने आणि ग्रामपंचायतींनी संमती दिली आहे.

पहिल्या प्रती धनगरवाड्यावर, टपरीवाल्या मावशींकडे आणि ओलवणच्या मुलांकडे द्यायच्या आहेत, आणि त्यांनी सांगितलेल्या दुरुस्त्या पुढील आवृत्तीत घ्यायच्या आहेत. ओलवणकडील किनारवाटेची कड मार्चमध्ये पाणी उतरू लागल्यावर पुन्हा मोजावी लागेल.